ईमेल ऑटोमेशनचे ट्रिगर: ओपन आणि क्लिक कायमचे बाद करावेत का? (फोरमवरचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मोजपट्टी

सब्जेक्ट लाइनवर तासभर खल होतो, पण वर्कफ्लो (आपोआप जाणाऱ्या मेलची मालिका) कशाने सुरू व्हायचा, म्हणजे त्याचा ट्रिगर कोणता, हे मेल पाठवायच्या टूलच्या ड्रॉपडाउनमध्ये जे आधी दिसेल त्यावर ठरतं. माझं मत: 'मेल उघडला' आणि 'लिंकवर क्लिक केलं' हे दोन्ही ट्रिगर बंद करा. वर्कफ्लो सुरू व्हावा तो फक्त आपल्या सर्व्हरवर नोंद झालेल्या घटनेवर. नोंदणी पक्की झाली, चेकआउट सुरू झालं, पेमेंट फेल झालं, ऑर्डर पोचली, अशा घटना.

ओपन म्हणजे मेलमधलं एका पिक्सेलचं चित्र कुणीतरी मागवलं, एवढंच. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ते चालू असेल तर चित्रं ॲपलच्या प्रॉक्सीमार्फत (मधल्या सर्व्हरमार्फत) आधीच उतरवली जातात, माणसाने मेल पाहिलेला असो वा नसो. दुसऱ्या बाजूला, जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा एचटीएमएल (मेल ज्या कोडमध्ये लिहिलेला असतो तो) कापतं. पिक्सेल बहुधा तळाशी असतो, म्हणून मेल वाचूनही तो 'न उघडलेला' राहतो. म्हणजे आकडा दोन्ही बाजूंनी चुकतो. 'उघडला नाही तर दोन दिवसांनी पुन्हा पाठवा' हा वर्कफ्लो नेमका वाचलेल्या माणसालाच तोच मेल पुन्हा पाठवू शकतो.

क्लिकचंही तेच. कंपन्यांच्या मेल सर्व्हरवरचे सुरक्षा स्कॅनर मेल आत सोडण्याआधी त्यातल्या लिंक उघडून बघतात. त्यावर 'किमतीच्या पानावर क्लिक केलं, सेल्सला कळवा' असा वर्कफ्लो बांधला असेल, तर सेल्सची माणसं स्कॅनरला फोन करत बसतात.

कोरापाट

ओपनबद्दल सहमत, क्लिकबद्दल अजिबात नाही. तुमची घटनांची यादी दुकान किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची आहे. ज्यांचं न्यूजलेटर आहे, वाचक लॉगिन करत नाही, काही विकत घेत नाही, त्यांच्याकडे सर्व्हरवरच्या घटना येणार कुठून? त्यांच्यासाठी क्लिक हाच वाचकाने दिलेला सगळ्यात ठळक कौल असतो.

स्कॅनरचे क्लिक चाळता येतात. मेल पोचल्यापासून पहिल्या मिनिटात आलेला क्लिक ट्रिगरसाठी धरू नका. एकाच मेलमधल्या सगळ्या लिंक काही सेकंदांत उघडल्या गेल्या तर त्या मेलचे सगळेच क्लिक सोडून द्या. मजकुरात माणसाला न दिसणारी एक लिंक ठेवा, ती ज्याने उघडली तो माणूस नव्हे. ही लिंक अगदी लहान अक्षरात पांढऱ्यावर पांढरी अशी ठेवू नका, स्पॅम फिल्टरला तो प्रकार ओळखीचा आहे. मोकळ्या जागेसाठी वापरलेल्या रिकाम्या चित्राला लिंक दिली तरी काम भागतं.

मोजपट्टी

चाळणी लावली तरी भोकं राहतात. काही स्कॅनर मेल आल्यावर लगेच नाही, वाचक क्लिक करतो त्या वेळी लिंक तपासतात. तुमचा एक मिनिटाचा नियम तिथे निरुपयोगी. पानावरची स्क्रिप्ट चालवून बघणारेही आहेत.

न्यूजलेटरवाल्यांसाठी उपाय आहे की. लिंक पानावर न्या आणि पानावर 'या विषयावरचे पुढचे तीन मेल पाठवा' असं बटण द्या. बटणाने पोस्ट विनंती (सर्व्हरला माहिती पाठवणारी, नुसतं पान मागणारी नव्हे) गेली पाहिजे, साधी लिंक नको. ट्रिगर त्या बटणावर. एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब करण्याचं मानक, आरएफसी ८०५८, याच कारणाने पोस्ट मागतं: लिंक नुसती उघडली एवढ्यावरून कुणी यादीतून बाहेर पडू नये. बाहेर काढायला जो पुरावा अपुरा, तो आत घ्यायला पुरेसा कसा?

कोरापाट

बटणाचा मुद्दा मान्य, पण प्रत्येक पायरीला काही वाचक गळतात. क्लिक चुकून धरला तर होणारं नुकसान किती, यावर निवड ठरवा. विषयाची आवड टॅग करायला चाळलेला क्लिक पुरे. सेल्सचा फोन, सवलतीचं कूपन किंवा यादीतून वगळणं यासाठी बटणच हवं. सगळ्यांना एकच नियम लावणं मला पटत नाही.

तिसरी घंटा

तुम्ही दोघं ओपन-क्लिकवर अडकलात. 'सर्व्हरवरची घटना' म्हटलं की ती खरी, हे गृहीतच मला धोक्याचं वाटतं. सोडलेल्या कार्टचा, म्हणजे खरेदी अर्धवट सोडलेल्यांना आठवण करणारा साधा वर्कफ्लो घ्या.

पहिला प्रश्न, कोणती घटना? 'कार्टमध्ये टाकलं' यावर सुरू केलं तर नुसती किंमत बघणारेही आत येतात. 'चेकआउट सुरू केलं' यावर लोक कमी येतात, पण खरेदीचा इरादा दिसतो, शिवाय ईमेल पत्ता तिथेच मिळतो. मी चेकआउटच धरेन.

मग वेळ. पहिला मेल एका तासाने, दुसरा साधारण चोवीस तासांनी, गरज वाटली तर तिसरा तिसऱ्या दिवशी. आता इथे काय बिघडतं ते पाहा. 'ऑर्डर दिली का?' ही तपासणी बरेच जण फक्त वर्कफ्लोच्या तोंडाशी लावतात. माणूस विसाव्या तासाला खरेदी करतो आणि चोविसाव्या तासाला त्याला 'तुमची कार्ट वाट बघतेय' येतो. तपासणी प्रत्येक मेलच्या लगेच आधी हवी, आणि ऑर्डरची घटना आली की वर्कफ्लोतून बाहेर काढणारा नियम वेगळा हवा. पेमेंट प्रलंबित असेल तर तीही ऑर्डरच धरायची. पैसे अडकलेल्या माणसाला 'खरेदी पूर्ण करा' म्हणणं म्हणजे दोनदा पैसे भरायला लावणं.

पुढचं, जुळणी. लॉगिन एका पत्त्याने आणि पाहुणा म्हणून खरेदी दुसऱ्या पत्त्याने झाली, तर ईमेलवर जुळवणारा नियम आंधळा होतो. कार्टचा क्रमांक घटनेत पाठवा आणि बाहेर काढण्याची जुळणी त्यावर करा.

आणि वेबहुक, म्हणजे घटना घडली की एक प्रणाली दुसरीला आपोआप पाठवते तो संदेश. तो एकदाच येईल अशी खात्री सहसा कुणी देत नाही. उत्तर वेळेत मिळालं नाही की पाठवणारी प्रणाली तोच पुन्हा पाठवते. घटनेचा आयडी साठवून दुसरी प्रत फेकून दिली नाही तर एका माणसाला दोन मेल. त्याहून वाईट म्हणजे येणाऱ्या घटनांची रांग तुंबते आणि काही तासांनी सुटते, तेव्हा जुन्या सगळ्या घटना आत्ता घडल्यासारख्या वर्कफ्लोत शिरतात. म्हणून घटनेत 'घडली केव्हा' ही वेळ वेगळी पाठवा. घडून सहा तास झाले असतील तर कार्टच्या वर्कफ्लोत घेऊ नका.

रांगेत उभा

+१, विशेषतः जुन्या घटनांच्या मुद्द्याला. पण मूळ धाग्याशी माझी असहमती वेगळी आहे. 'काहीच घडलं नाही' याची घटना नसते. ९० दिवसांत ऑर्डर नाही, १४ दिवसांत लॉगिन नाही, हे सेगमेंटवरूनच (ठरावीक अटीत बसणाऱ्यांच्या गटावरूनच) कळतं. सेगमेंटचा ट्रिगर धाग्यात आलाच नाही.

तो वापरताना तीन गोष्टी. काही टूल्स सेगमेंट लगेच मोजतात, काही ठरावीक वेळाने. तासाभरात जायचा मेल त्यावर बांधू नका. दुसरं, सीमारेषेवरची माणसं आतबाहेर करत राहतात. पुन्हा प्रवेशाला किमान ६० दिवसांचं अंतर घाला. तिसरी गोष्ट सगळ्यात महागात पडते: वर्कफ्लो चालू करताना 'आधीपासून सेगमेंटमध्ये असलेल्यांनाही घ्या' हा पर्याय. तो नकळत चालू राहिला तर वर्षानुवर्षं गप्प असलेले सगळे पत्ते एकाच सकाळी मेल घेतात. जीमेलच्या फेब्रुवारी २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांनी स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं, आणि ०.१ च्या खाली असावं अशी अपेक्षा आहे. जुनी यादी एकदम जागी केली की ते ओलांडायला वेळ लागत नाही. रोज थोडेथोडे आत सोडा.

'यादीत आला' हा ट्रिगरही याच जातीचा. सीएसव्ही (पत्त्यांच्या तक्त्याची फाइल) आयात केली की जुन्या ग्राहकांना 'स्वागत आहे' जातं. स्वागताचा ट्रिगर यादीवर नको, नोंदणी पक्की केल्याच्या घटनेवर हवा.

मोजपट्टी

सेगमेंटचा मुद्दा मान्य, त्यात दुरुस्ती सुचवतो. रोज रात्री एक काम आपल्या डेटाबेसवर चालवा आणि '९० दिवस ऑर्डर नाही' अशी घटना आपणच टूलकडे पाठवा. कुणाला, केव्हा, का पाठवली याची नोंद आपल्याकडे राहते. सेगमेंटची व्याख्या कुणी टूलमध्ये गुपचूप बदलली तर कळत नाही, इथे कळतं.

रांगेत उभा

डेव्हलपर हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर सेगमेंट बरा, फक्त व्याख्येत ओपन नको.

कोरापाट

इथे मी ओपनची थोडी बाजू घेतो. गप्प पत्ते बंद करताना फक्त क्लिक पाहिला तर न्यूजलेटर मन लावून वाचणारा पण कधीच क्लिक न करणारा वाचक कापला जातो. १८० दिवसांत ओपनही नाही, क्लिकही नाही, तेव्हा 'चालू ठेवायचं का?' असा एकच मेल पाठवा, त्यात बटण द्या, आणि उत्तर नाही आलं तर थांबवा. ओपन खोटा निघाला तर एक मृत पत्ता काही दिवस जास्त राहील. उलट चूक झाली तर जिवंत वाचक जाईल.

तिसरी घंटा

तारखेच्या ट्रिगरबद्दल थोडक्यात. ०५/०८ हे पाच ऑगस्ट की आठ मे, हे आयात करताना ठरवा. वर्ष-महिना-दिवस असाच साठवा. २९ फेब्रुवारीच्या वाढदिवसाचा नियम आधीच लिहून ठेवा. चाचणी कालावधी वाढवून दिला तर आधीच थांबलेल्या माणसाची 'अमुक तारखेपर्यंत थांबा' ही पायरी नवी तारीख घेते का, हे आपल्या टूलमध्ये तपासा. काही ठिकाणी तारीख आत शिरताना एकदाच वाचली जाते.

आणि कोणताही नवा ट्रिगर आठवडाभर मेल न पाठवता चालवा. मेलच्या जागी फक्त टॅग लागेल अशी पायरी ठेवा. मग टॅग लागलेल्यांची संख्या आणि त्याच आठवड्याची चेकआउटची नोंद शेजारी ठेवून जुळवा. टॅग जास्त असतील तर दुहेरी वेबहुक शोधा, कमी असतील तर पत्ता न जुळणारे पाहुणे ग्राहक शोधा.