एडेम परत होतो का?

तुमच्या सहा वर्षांच्या मुलीला एडेम (मेंदू आणि मज्जारज्जूला अचानक येणारी सूज) झालाय आणि तुम्ही "हे परत होईल का" असं विचारलंय, तो प्रश्न मी पण रात्र रात्र स्वतःला विचारलाय, कारण माझ्या भाच्याला तापानंतर आठवड्याभरात हेच झालं होतं, चालताना तोल जायचा, ताटातला घास तोंडाऐवजी गालाला लागायचा.

बहुतेक मुलांना हा एकदाच होतो, हे आधी मनाशी घट्ट धरा. पहिल्या तीन महिन्यांत लक्षणं कमीजास्त झाली किंवा नवीन काही दिसलं तरी तो त्याच झटक्याचा भाग धरतात, २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तसंच आहे, तीन महिन्यांनंतर पुन्हा झाला तर मग मल्टिफेजिक एडेम म्हणतात. त्यापुढेही झटके येत राहिले तर डॉक्टर एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) वगैरे, म्हणजे अशी सूज वारंवार आणणारे दुसरे आजार, तपासतात.

मॉग अँटिबॉडीची (मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांची) रक्ताची टेस्ट झाली नसेल तर न्यूरोलॉजिस्टना नक्की विचारा. पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच घाबरू नका, बऱ्याच मुलांमध्ये ती हळूहळू निगेटिव्ह होते, पण महिनोन्‌महिने पॉझिटिव्हच राहिली तर परत होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून ती काही महिन्यांनी पुन्हा करतात.

आणि एक कळकळीने सांगते, सलाइनमधून दिलेल्या स्टेरॉइडनंतरच्या गोळ्या साधारण चार ते सहा आठवड्यांत हळूहळू कमी करतात, मूल बरं दिसतंय म्हणून मनाने बंद करू नका. डोळा दुखतोय, अंधुक दिसतंय म्हणाली तर त्याच दिवशी दाखवा.