मदत हवी आहे : अंधुक तारा थेट पाहिला की गायब का होतो?

काल रात्री अर्धा तास अंधारात बसून एक अंधुक तारा शोधला. नजर जरा बाजूला ठेवली की दिसायचा, थेट रोखली की गुल! चार-पाच वेळा करून पाहिलं, तेच. दृष्टिपटलाच्या (डोळ्यातला मागचा पडदा) ऐन मध्यावर भरपूर उजेड लागणाऱ्या शंकूपेशीच असतात आणि मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी त्याच्या भोवती, इथवर कळलं. गाडी अडलीय ती पुढे. दंडपेशी साधारण १२ कोटी, पण डोळ्यातून मेंदूकडे जाणारे चेतातंतू जेमतेम १०-१२ लाख. मग इतक्या पेशींचे संदेश एकत्र होतात कुठे, दृष्टिपटलातच की मेंदूत? कडेचं धूसर दिसतं ते याच गोळाबेरजेमुळे का? जाणकारांनी सोपं करून सांगा. लेकीने विचारलंय, आणि ती काही पिच्छा सोडत नाही.