शब्दचर्चा : पायथॉनमधला ऑब्जेक्ट 'बदलला' म्हणजे नेमकं काय झालं?

नोट्सवाला
मंडळी, एक अडलंय. मराठी माध्यमातून डिप्लोमाला आलेल्या पोरांसाठी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या नोट्स लिहितोय. व्हेरिएबल, फंक्शन, लूप आहे तसंच ठेवलंय, त्यावर वाद नकोय. अडचण क्रियापदाची आहे. हे बघा :

यादी = [१, २, ३]
दुसरी = यादी

आता दुसरी.अपेंड(४) केलं, म्हणजे शेवटी ४ जोडला, आणि 'यादी' छापली तर तिच्यातही ४ दिसतो, कारण ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीत ठेवलेली खरी चीज, एकच, नावं दोन. पण त्याऐवजी दुसरी = दुसरी + [४] केलं तर नवाच ऑब्जेक्ट तयार होतो, 'दुसरी' हे नाव तिकडे जातं आणि 'यादी' होती तशीच राहते. माझ्या नोट्समध्ये दोन्हीकडे "दुसरी बदलली" असंच आलंय. एकाने समासात लिहून परत दिलं, "म्हणजे कशी बदलली?" बरोबरच आहे की त्याचं. शर्ट बदलला म्हणजे हा काढून तो घातला, आणि लग्नानंतर मित्र बदलला म्हणजे माणूस तोच, वागणं वेगळं. मराठीत दोन्ही बदलणेच. तर दोन वेगळी क्रियापदं सुचवा, बोलण्यातली, संस्कृत नको.

खडूस
आधी ऑब्जेक्टला मराठी शब्द द्या, मग क्रियापदाचं बघू. 'वस्तू' आहे की सरळ.

नोट्सवाला
वस्तू लिहून बघितलं. "७ हीसुद्धा वस्तूच आहे आणि फंक्शन हीसुद्धा वस्तूच आहे" हे वाक्य पायथॉन शिकवताना लिहावंच लागतं, कारण तिथे खरंच सगळं ऑब्जेक्ट असतं. पोरं म्हणतात सर ७ कुठल्या दुकानात मिळतो. पण प्रश्न तो नाहीये हो.

जुनी_वही
प्रश्न तोच आहे. वस्तू हा शब्दच चुकीचा, आपल्याकडे याहून नेमका शब्द पडून आहे, तो म्हणजे 'पदार्थ'. फोड करा, पद अधिक अर्थ, म्हणजे पदाने, नावाने, ज्याचा बोध होतो ते. पायथॉनमध्ये नाव वेगळं आणि ते ज्याच्याकडे बोट दाखवतं ते वेगळं, हेच तर तुम्ही पोरांना सांगताय ना. आणि वैशेषिक दर्शनवाल्यांचे सात पदार्थ आठवा, द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, अभाव. गुण म्हणजे ॲट्रिब्यूट (ऑब्जेक्टची माहिती), कर्म म्हणजे मेथड (त्याला करता येणारं काम), सामान्य म्हणजे क्लास (साचा), विशेष म्हणजे इन्स्टन्स (साच्यातून निघालेला एक नग). आणि कळस म्हणजे अभाव! पायथॉनमधला 'नन', म्हणजे 'काहीच नाही' दाखवणारा, हासुद्धा एक ऑब्जेक्टच असतो, त्याला स्वतःचा टाइप असतो. काहीच नसणं हाही एक पदार्थ, हे आपल्या लोकांनी कधीच मांडून ठेवलंय.

मावशी
पदार्थ म्हटलं की मला साबुदाणा वडा आठवतो, काय करू.

आडवातिडवा
जुनी_वही, जरा थांबा. वैशेषिकांचा मूळ सूत्रकार कणाद, त्याच्या यादीत सहाच होते, अभाव नंतरच्यांनी जोडला. आणि वैशेषिकांचा 'विशेष' म्हणजे इन्स्टन्स नाही, दोन परमाणू एकमेकांपासून वेगळे कशामुळे त्याचं ते उत्तर आहे. ओढूनताणून बसवायचंच तर तो आयडी() फंक्शनजवळ जातो, हा ऑब्जेक्ट तो नव्हे एवढंच सांगणारा. बाकी पदार्थची फोड मला आवडली, पण नोट्समध्ये वापरू नका, मावशींचं खरं आहे.

गावठाण
नोट्सवाले सर, तुम्ही विचारलेला शब्द रोज आमच्या तलाठी कार्यालयात वापरतात. फेरफार! इंग्रजीत त्याला म्युटेशन एंट्रीच म्हणतात, आणि तुमच्या पायथॉनमध्ये पण जो आतून बदलू शकतो त्याला म्युटेबल म्हणतात ना. तयार शब्द आहे, शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावा लागणार नाही. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. अपेंड केलं = यादीत फेरफार झाला. संपला विषय.

नोट्सवाला
अरे वा. हे भारी आहे. पण थांबा, फेरफारमध्ये जमीन तीच राहते आणि नाव बदलतं ना? मला अपेंडसाठी उलटं हवंय, नाव तेच आणि आतला माल बदलला.

गावठाण
नाही हो सर, तुम्ही उलटं धरताय. नाव म्हणजे गट नंबर धरा. गट नंबर तोच, जमीन तीच, तिच्या उताऱ्यावर मालकाच्या रकान्यात वडिलांच्या जागी मुलाचं नाव आलं. म्हणजे त्याच ऑब्जेक्टच्या आतली एक गोष्ट बदलली. मालक हा जमिनीचा ॲट्रिब्यूट झाला. म्हणून फेरफार म्हणजे म्युटेशनच.

आडवातिडवा
आणि मी मालकाकडून बघितलं तर? "माझं शेत" हे नाव काल या गटाकडे बोट दाखवत होतं, विकून दुसरं घेतलं, आता त्या गटाकडे दाखवतं. ते तर दुसरी = दुसरी + [४] झालं. पण त्याचीही नोंद फेरफारातच पडते! म्हणजे महसूल खात्यात एकच शब्द दोन्हीला. नोट्सवाले जिथून निघाले तिथेच आलो आपण.

गावठाण
शेत बघायचं तर शेताच्या उताऱ्यावरून बघा, मालकाच्या तोंडून काय बघता. सातबारा जमिनीचा असतो, खातेदाराचं बघायचं तर ८अ काढा. ८अ वरची यादी वेगळी आणि सातबारा वेगळा, हे न कळल्यामुळेच लोक वर्षानुवर्षं हेलपाटे मारतात. आणि सातबाऱ्यातही सातवर फेरफाराने बदल होतो, बारावरची पिकं मात्र हंगामाप्रमाणे नोंदवतात, त्याला फेरफार कोणी म्हणत नाही. म्हणजे आमच्यात फरक केलेलाच आहे.

अजून एक फुकट देतो. पायथॉनमधलं 'डेल' मी थोडं वाचलंय, त्याने ऑब्जेक्ट मरत नाही, फक्त नाव जातं. आमच्याकडे त्याला "नाव कमी करणे" म्हणतात. मयताचं नाव कमी करून वारसांची नावं लावली. जमिनीला काही होत नाही.

नोट्सवाला
"नाव कमी करणे" उचललं! जसंच्या तसं घेतो. डेल शिकवताना पोरं हमखास तिथेच चुकतात, त्यांना वाटतं यादी पुसली गेली. दुसरं एखादं नाव शिल्लक असेल तर ऑब्जेक्ट जिवंतच राहतो, शेवटचं नाव कमी झालं की मग सीपायथॉन, म्हणजे आपण नेहमी चालवतो तो पायथॉन, त्याची जागा मोकळी करतो. पण गावठाणभाऊ, वारस म्हणू नका, इन्हेरिटन्सच्या (एका क्लासचे गुण दुसऱ्याला मिळण्याच्या) धड्यात मी 'वारसा' लिहिलंय, आता पोरं विचारतील की क्लास मेल्याशिवाय वारसा कसा मिळाला.

खडूस
बघा, हेच होतं. इंग्रजी कल्पना फारसी-इंग्रजी खिचडीत सांगायला गेलात की असं. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच नाही. पारिभाषिक शब्द स्वतःचा नसला की विचारही उसना. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, ते उघडून बघायचे कष्ट कोणी घेतो का?

आडवातिडवा
कोश झाला तरी पुढच्या तीनशे वर्षांत किल्ला किल्लाच राहिला, अर्ज अर्जच राहिला, जमीन जमीनच राहिली. आणि सावरकरांनी दिलेला 'दिनांक' प्रत्येक फॉर्मवर आहे, मान्यच, पण तुम्ही घरी विचारताना "आज दिनांक काय" म्हणता का? तारीखच विचारता. म्हणजे शब्द टिकतो, पण कुठे टिकतो ते तुमच्या-माझ्या हातात नसतं.

खडूस
महापौर म्हणता ना? मेयर नाही म्हणत. मग?

आडवातिडवा
महापौर म्हणतो. आयुक्तांना मात्र सगळे कमिशनर साहेबच म्हणतात.

बोस्टनकर
इथे इंग्रजीतही चेंज म्हटलं की हाच गोंधळ होतो, म्हणून तर म्युटेट (आतून बदल) आणि रीबाइंड (नाव दुसरीकडे लावणं) असे दोन शब्द वेगळे ठेवलेत. ऑब्जेक्ट तरी कुठे इंग्रजांचा, लॅटिनमधून आला, मूळ अर्थ समोर टाकलेलं. प्रोग्रामिंगमध्ये तो रुजवला नॉर्वेच्या दोघांनी, डाल आणि न्यूगार्ड, सिम्युला ६७ या भाषेत, आणि पायथॉन केला एका डच माणसाने, १९९१ मधे पहिल्यांदा बाहेर आला. कोणाचीच मायबोली इंग्रजी नव्हती. त्यामुळे खडूस काका, उसन्या शब्दावर विचार होत नाही हे काही पटलं नाही.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर : आतून बदल = "ऑब्जेक्टमध्ये बदल केला", नाव हलवलं = "नाव दुसऱ्या ऑब्जेक्टला लावलं". नवीन क्रियापद कशाला? एकात 'मध्ये', एकात 'लावणे', भागलं.

नोट्सवाला
हे आत्तापर्यंत सगळ्यात कामाचं. एकच अडचण आहे, += ही 'आहे त्यात भर घाल' सांगणारी खूण. यादीला दुसरी += [५] केलं तर तोच ऑब्जेक्ट आतून वाढतो, आणि आकड्याला क += १ केलं तर नवा आकडा येतो नि नाव तिकडे जातं. खूण एकच, गोष्टी दोन. तिथे मला एकच क्रियापद लागेल जे दोन्ही झाकेल, आणि मग खालच्या ओळीत फोडून सांगेन. म्हणजे तिथे 'बदलली' चालेल बहुतेक??

मालवणी_मुलुख
आमच्याकडे लुगडं 'पालटतात'. बदलणे आतलं, पालटणे बाहेरचं. दुसरी पालटली म्हणा.

मावशी
पण ऋतू पालटतो तो आतूनच पालटतो ना? आणि दिवस पालटले म्हणतो आपण, ते तर नशीब.

मालवणी_मुलुख
ऋतू आतून नाही, एक जातो दुसरा येतो. बरोबर आहे माझं.

मावशी
पावसाळ्यात आमच्या घरी ये, मग सांगते एक गेलाय का ते. भाद्रपदात पण गळतंय.

जुनी_वही
पालटणेवर विचार व्हावा, पण पदार्थबद्दल कोणी उत्तर दिलेलं नाही. साबुदाणा वडा हे उत्तर नव्हे.

कळफलक
उशिरा आलोय, सगळं वाचलं नाही. वर नोट्सवाल्यांनी कोडात देवनागरी आकडे टाकलेत ते चालणार नाहीत, सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातली चूक, येईल. नावं मात्र पायथॉन ३ पासून, म्हणजे २००८ पासून, देवनागरीत चालतात. गंमत म्हणजे इंट("१२"), म्हणजे या मजकुराचा आकडा कर, असं अवतरणात दिलं तर बारा मिळतो, पण नुसतं १२ लिहिलं की नाही.

नोट्सवाला
हो, इथे दिसायला बरं म्हणून टाकले, नोट्समध्ये इंग्रजी आकडे आहेत. आणि += बद्दल कोणी बोललं नाही अजून.

कळफलक
एक सावध राहा, नावात 'ऱ्या' असेल तर. 'वाऱ्या' किंवा 'पायऱ्या' नावाची यादी केलीत तर काही कीबोर्ड साध्या र ला हलन्त देऊन मधे एक अदृश्य जोडखूण घालतात, स्क्रीनवर अगदी बरोबर दिसतं पण पायथॉनला ती खूण नावात चालत नाही. ऱ हे वेगळं अक्षर वापरून टाइप केलं तर चालतं. पोरं तासभर बघत बसतील आणि चूक दिसणारच नाही.

खडूस
म्हणजे भाषा आपली आणि पायथॉन सांगणार र कसा काढायचा.

आडवातिडवा
र पायथॉन नाही सांगत, कीबोर्डवाले सांगतात. मुळात त्या अर्ध्या र ला वेगळं अक्षर हवंच कशाला यावर आधी एकदा इथेच भांडण झालं होतं, कोणाकडे धागा आहे का तो?

गावठाण
माझ्याकडे नाही. नोट्सवाले सर, ते += म्हणजे पोटहिस्सा पाडण्यासारखं आहे का? म्हणजे गट तोच, की नवा नंबर पडतो?