खाणीचा पैसा: उत्पन्न की मुद्दल?

हिशेबनीस:
'शाश्वत खाणकाम' म्हटलं की लोक हसतात. खनिज काही पुन्हा उगवत नाही, मग शाश्वत काय डोंबल! माझं म्हणणं, टिकवायचंय ते खनिज नव्हे, त्याचं मोल. अर्थशास्त्रज्ञ जॉन हार्टविकने १९७७ साली हेच मांडलं: खनिजाचा निव्वळ नफा खाऊन न टाकता दुसऱ्या भांडवलात घाला.

समजा, खाण २० वर्षं चालेल आणि खर्च वजा जाता वर्षाला १०० मिळतील. महागाई सोडून व्याज ५ टक्के. दरवर्षी ३८ बाजूला टाकले, त्यांचं व्याजही तिथेच ठेवलं, तर खाण बंद पडल्यावर वर्षाला ६२ कायम येत राहतात. म्हणजे ६२ उत्पन्न, ३८ मुद्दल. अर्थसंकल्पात मात्र सहसा शंभरच्या शंभर जमेला लागतात.

गाळ:
साफ असहमत. 'खर्च वजा जाता' म्हणताना कुठला खर्च वजा केलात? खनिजात तांबं ०.६ टक्केच असेल तर टनभर तांब्यासाठी १६५ टनांहून जास्त खनिज दळावं लागतं. तांबं विकलं जातं, उरलेला पातळ गाळ बंधाऱ्यामागे साठतो. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योचा लोहखाणीचा बंधारा २०१९ मध्ये फुटला, २७० माणसं गेली. तो तेव्हा वापरातही नव्हता! नदीच्या बदल्यात रोखे ही अदलाबदल मला मान्य नाही.

निवांत:
खनिज संपण्याची भीती जुनीच. १९८० मध्ये अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन आणि जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी पाच धातूंच्या किमतींवर दहा वर्षांची पैज लावली. एर्लिक म्हणाले वाढतील, सायमन म्हणाले पडतील; सायमन जिंकले. महाग झालं की लोक पर्याय शोधतात. भंगारातून ॲल्युमिनियम करायला नव्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते.

गाळ:
@निवांत, संपण्याबद्दल मी बोललोच नाही. किंमत पडली म्हणून गाळ कमी होतो का?

खडूस:
@हिशेबनीस, निधी प्रशांत महासागरातल्या नाउरू या बेट-देशानेही काढला होता. फॉस्फेटसाठी जवळजवळ सगळं बेट खरवडलं आणि पैसा भलत्याच गुंतवणुकींत घालवला, लंडनमधल्या एका पडेल संगीत नाटकातसुद्धा.

हिशेबनीस:
म्हणूनच नियम हवा. नॉर्वेने १९९० मध्ये तेलनिधीचा कायदा केला, पहिली रक्कम १९९६ मध्ये टाकली. तिथे सरकार वर्षाला निधीच्या सरासरी ३ टक्क्यांच्या आसपासच उचलतं, महागाई सोडून तेवढाच परतावा धरून.

खडूस:
वा! नॉर्वे ३ धरतो आणि तुम्ही ५? ३ टक्क्यांनी तुमचे ३८ होतात ५५. मग कंपनी म्हणणार, साठा २० नाही, ३० वर्षांचा आहे. लगेच ५५ चे ४१. दर आणि साठा दोन्ही खर्च करणाऱ्यांनीच ठरवायचे, तर आकडा हवा तिथे आणता येतो.

हिशेबनीस:
दराचं मान्य, ३ धरू. साठा तिऱ्हाइताने मोजावा. आणि बंधाऱ्याच्या देखभालीची रक्कम त्या १०० मधून आधीच कापा, म्हणजे @गाळ यांचा मुद्दाही हिशेबात येतो.

गाळ:
कापा की. देखभाल किती वर्षांची धरताय? खाण चालेल तेवढी २०, की बंधारा उभा असेपर्यंत?