मदत हवी आहे : पुठ्ठ्याचे स्टूल दमट हवेत टिकवावे कसे?

डिचोली तालुक्यातील आमच्या शाळेत आठवीच्या मुलांना पुठ्ठ्याचे फर्निचर स्वतः आखून तयार करण्याचा प्रकल्प दिला असून, मोठ्या माणसाचे वजन पेलणारे स्टूल हे त्यांचे उद्दिष्ट आहे. वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांनी 1972 साली पुठ्ठ्याचे थर चिकटवून घडवलेल्या नागमोडी खुर्चीचे चित्र पाहून निम्मा वर्ग तीच करायला निघाला होता. पण तितका पुठ्ठा आणायचा कुठून, म्हणून खाचा पाडून एकमेकांत अडकवायच्या तुकड्यांची रचना आम्ही निवडली. आतल्या पन्हळी उभ्या ठेवल्या की पुठ्ठा भार चांगला पेलतो, हे मुलांना हाताने दाबून पाहताच पटले.

खरी अडचण गोव्याच्या पावसाळी हवेची आहे. ओलावा शोषून पुठ्ठा मऊ पडतो आणि सर्वप्रथम खाचांपाशी दुमडतो. कापलेल्या कडांना कागदी पट्टी चिकटवून त्यावर चपडा लाखेचे दोन हात द्यावेत, की तेलरंगच बरा? मुलांच्या हाती देण्याजोगा उपाय हवा. तसेच पाच थरांचा कोरा पुठ्ठा म्हापसा किंवा फोंडा येथे सुटा मिळतो का, हेही कृपया कळवावे. प्रदर्शन चतुर्थीच्या सुट्टीनंतर लगेच आहे.