मृणालताई गोरे यांच्यावर प्रदर्शन: 12 फलकांत काय घ्यावे, कागद कुठे शोधावेत?

वाचनकट्टा
नमस्कार. समाजवादी नेत्या मृणालताईंचा जन्म 24 जून 1928 चा, म्हणजे जन्मशताब्दी वर्ष 24 जून 2027 ला सुरू होईल. त्यानिमित्त तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात 12 फलकांचे प्रदर्शन लावायचे आहे. पाण्याच्या लढ्यामुळे मिळालेले 'पाणीवाली बाई' हे नाव आणि महागाईविरोधी लाटणे मोर्चा यापुढे बहुतेक लेख जात नाहीत. आम्हाला त्यांचे सभागृहातले काम अस्सल कागदांवरून दाखवायचे आहे. कागद कुठे मिळतील? कोणत्या चुका टाळाव्यात? भिंत 30 फुटांची आहे, छपाईबद्दलही सांगा.

कार्यवृत्त
आधी तारखांचा तक्ता करा, मग कागद शोधा. उलटे केले तर कपाटभर झेरॉक्स जमतात आणि फलक कोराच राहतो. तक्त्यात किमान एवढे हवे: 1961 मुंबई महानगरपालिका, 1972 विधानसभा, 1977 ते 1979 सहावी लोकसभा (उत्तर मुंबई, जनता पक्ष), 1985 पासून पुन्हा विधानसभा.

लोकसभेतली भाषणे संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात. शोधताना रोमन लिपीत 'मृणाल'ची दोन्ही स्पेलिंगे (Mrinal, Mrunal) टाकून पाहा, एकानेच शोधले तर नोंदी निसटतात. विधानसभेचे कार्यवृत्त, म्हणजे सभागृहातल्या कामकाजाची नोंद, मात्र नावाने शोधत बसू नका. अधिवेशन आणि तारीख धरून जा. अशासकीय विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली, शुक्रवारच्या कामकाजात येतात. ताईंचे गर्भलिंग निदानावरचे विधेयक 1986 चे, त्यामुळे त्या वर्षीच्या अधिवेशनांतले शुक्रवार आधी चाळले तर पुष्कळ वेळ वाचेल. विधान भवनाच्या ग्रंथालयात बसायचे असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि त्यात विषय व कालखंड नेमका लिहा. 'मृणालताईंबद्दल सर्व काही' असे लिहिले की तिथल्या माणसालाही मदत करता येत नाही.

वृत्तपत्रांसाठी दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि समाजवादी चळवळीच्या बाजूसाठी 'साधना' साप्ताहिकाचे जुने अंक. ताईंचे पती केशव गोरे यांच्या नावाच्या गोरेगावच्या केशव गोरे स्मारक ट्रस्टला पत्र लिहायला विसरू नका. लग्नाआधीच्या नोंदी मोहिले आडनावाखाली असतील.

गोरेगाव_पश्चिम
चुका विचारल्यात म्हणून नेहमी दिसणाऱ्या सांगतो.

सर्वात मोठी चूक गर्भलिंग निदानाच्या कायद्याबाबत होते. 'मृणालताईंनी कायदा केला' असे सर्रास छापतात. त्यांनी 1986 मध्ये अशासकीय विधेयक आणले. ते त्या स्वरूपात मंजूर झाले नाही. बाहेर स्त्री संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी रान उठवले होते, आत मृणालताईंनी विषय धसास लावला, आणि 1988 मध्ये शासनाने स्वतःचा कायदा आणला. असा कायदा करणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य. केंद्राचा कायदा 1994 चा, अंमल 1 जानेवारी 1996 पासून. हा क्रम जसाच्या तसा दाखवा. विरोधी बाकावरची आमदार सरकारला कायदा आणायला भाग पाडते, यातच त्यांचे मोठेपण आहे. श्रेय फुगवून ते झाकले जाते. या फलकावर सोनोग्राफीचे चित्रही नको. तेव्हाचा वाद मुख्यतः गर्भजल चाचणीचा (गर्भाभोवतीचे पाणी काढून केलेल्या तपासणीचा) होता.

दुसरे, त्यांना 'विधानसभेतल्या पहिल्या महिला विरोधी पक्षनेत्या' म्हणतात. त्या पदावर त्या 1980 च्या दशकाच्या अखेरीस होत्या. प्रतिभा पाटील त्याआधीच, 1979 मध्ये, विरोधी पक्षनेत्या झाल्या होत्या. 'पहिल्या' हा शब्द काढा, ताईंचे काहीही कमी होत नाही.

तिसरे, लाटणे मोर्चा एकट्या मृणालताईंचा नव्हता. 1972 च्या दुष्काळात तेल, साखर, रॉकेलची टंचाई होती, तेव्हा महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली. तिच्यात कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि समाजवादी प्रमिला दंडवते खांद्याला खांदा लावून होत्या. ही नावे फलकावर मोठ्या अक्षरांत हवीत. ताईंना एकटे उभे केले तर त्यांचे राजकारणच कळणार नाही.

वाचनकट्टा
धन्यवाद दादा, हेच हवे होते. पाण्याचा फलक कसा बांधावा?

गोरेगाव_पश्चिम
हंड्याच्या चित्राऐवजी नकाशाने सुरुवात करा. गोरेगाव 1957 मध्ये पालिकेच्या हद्दीत आले. हद्द वाढली, पण पाणी त्या वेगाने पोचले नाही. मुंबईचे जुने शहर, 1950 ची वाढ आणि 1957 ची वाढ तीन रंगांत दाखवा, म्हणजे उपनगरातल्या बायका पालिकेवर का चालून जात होत्या ते न सांगता कळेल. त्याखाली 1977 ची घोषणा घ्या: 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात'. त्या निवडणुकीत इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, हे एका ओळीत लिहाच. तरुण वाचकाला घोषणेतली दुसरी बाई कोण ते कळत नाही.

घरांसाठी एक पूर्ण फलक राखून ठेवा. घरांसाठी लढणारी नागरी निवारा परिषद, त्यातले ताईंचे सहकारी बाबूराव सामंत, आणि परिषदेने उभारलेली दिंडोशीची वसाहत. तिथे 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा (शहरात मोकळी जमीन किती बाळगता येते यावर मर्यादा घालणाऱ्या) आधार समजावून सांगावा लागेल, नाहीतर 'सरकारने जागा दिली' एवढेच लोकांच्या लक्षात राहते.

सनबोर्ड
छपाईचे मी सांगते. 2 फूट रुंद, 3 फूट उंच फलक घ्या. 12 फलकांचे 24 फूट आणि मधल्या 11 फटी 6 इंचांच्या, म्हणजे साडेपाच फूट. एकूण साडेएकोणतीस, भिंतीत बसते. 24 जून म्हणजे पावसाळा, साधा कागद दोन दिवसांत वाकतो. 5 मिमी सनबोर्डवर (फोमच्या ताठ पत्र्यावर) व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा छापील चिकट थर, वर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी नको, ट्यूबलाइट चमकते आणि मजकूर दिसत नाही.

फाइल 150 डीपीआयला (एका इंचात 150 ठिपके) 3600 बाय 5400 पिक्सेल. वर्तमानपत्रातले 4 इंची छायाचित्र 600 डीपीआयला स्कॅन केले की 2400 पिक्सेल मिळतात, म्हणजे ते 16 इंचांपर्यंत ताणता येते. त्यापुढे छपाईचे ठिपकेच दिसू लागतात. स्कॅन करताना 'डीस्क्रीन' ही स्कॅनरमधली सोय चालू ठेवा, नाहीतर छपाईच्या ठिपक्यांची जाळी उमटते. 1972 च्या छायाचित्रांवर हक्क अजून लागू आहेत. वृत्तपत्राची लेखी परवानगी घ्या आणि छायाचित्रकाराचे नाव चित्राखालीच छापा.

एका फलकावर 130 ते 150 शब्द, मजकूर 30 पॉइंटच्या खाली नको. ज्येष्ठ मंडळी येणार, तेव्हा मजकुराची सगळ्यात खालची ओळ जमिनीपासून 3 फुटांवर ठेवा.

शेवटची आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट अक्षरांची. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना ऋकार आणि रफार तुटतात, आणि इथे तर नावातच 'मृ' आहे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, प्रेसला देण्याआधी अक्षरे आउटलाइनमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांत) बदला, आणि 12 फलक लावण्याआधी एकाचा नमुना पूर्ण आकारात काढून दोघांनी मोठ्याने वाचा. स्क्रीनवर तपासून भागत नाही, प्रेसच्या संगणकावर तोच फॉन्ट नसतो.