पान उलटून पाहिलं तेव्हा... घरातल्या झाडांवरची कीड तुम्ही कशी ओळखली?

पान पिवळं पडलं की आपण पाणी वाढवतो, नाहीतर खत घालतो. कीड मात्र पानामागे बसून रस शोषत असते. औषधांची माहिती हवी तेवढी मिळते; कुठे आणि कसं बघायचं, हे फार कमी जण सांगतात. म्हणून हा धागा. झाड जवळून तपासताना काय दिसलं आणि त्यावरून काय ओळखलंत, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. माझी तपासणी खालून वर जाते. आधी कुंडीची भोकं आणि मातीचा वरचा थर, मग बुंधा, प्रत्येक पानाचं बेचकं, पानाची मागची बाजू आणि शेवटी कोवळा शेंडा. पिठ्या ढेकूण मला जवळजवळ नेहमी बेचक्यातच सापडला आहे, कापसाच्या बारीक पुंजक्यासारखा. पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरा, सरळ बघून न दिसणारं बरंच दिसतं.

* * *

क्रोटनची पानं निस्तेज दिसायला लागली. जवळून पाहिलं तर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके, अगदी दाट. खाली पांढरा कागद धरून पानाला टिचक्या मारल्या. कागदावर धुळीसारखं काहीतरी पडलं आणि थोड्या वेळाने त्यातले काही कण चालायला लागले! बोट फिरवल्यावर लालसर रेघ उमटली. लाल कोळी.

हा जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हेच, त्यामुळे बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. जाळी दिसेपर्यंत कृपा करून थांबू नका, तोवर फार उशीर झालेला असतो. उबदार, कोरड्या हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला साधारण आठवडाभर पुरतो. मी पानं मागच्या बाजूने पाण्याच्या जोरदार धारेखाली धुतली, मग सौम्य साबणाचं पाणी फवारलं. अंडी त्यातून वाचतात, म्हणून काही दिवसांच्या अंतराने पुन्हा फवारत राहिलो.

* * *

मला कीड फरशीने दाखवली. रबर प्लांटखाली पाय चिकटायचा, पुसलं तरी पुन्हा तेच. खालच्या पानांवर चकचकीत थेंब, काही ठिकाणी काळी काजळी, खोडावर मुंग्यांची ये-जा. त्या पानांवर कीड मात्र नव्हती. चिकटा, म्हणजे रस शोषणारी कीड बाहेर टाकते तो गोड चिकट द्रव, वरून गळतो, तेव्हा वर शोधायला हवं, हे सुचल्यावर वरच्या पानांच्या शिरा न्याहाळल्या. सालीच्याच रंगाच्या तपकिरी, गोलसर टिकल्या होत्या, जागच्या हलत नव्हत्या. शंका आली तर नखाने खरवडून बघा: खवले कीड अलगद सुटते, सालीचा स्वतःचा उंचवटा सुटत नाही.

* * *

थोडं धीराचंही लिहिते. नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके नेटक्या ओळींत, सारख्या अंतरावर असतील तर ते त्याचे बीजाणू. पुसू नका, फवारू नका. मनीप्लांटच्या पानाच्या टोकाला सकाळी लटकणारा स्वच्छ थेंबही झाडाने स्वतःच बाहेर टाकलेलं पाणी असतं.

* * *

फुलकिड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पानावर चंदेरी ओरखडे आणि त्यावर काळे बारीक ठिपके, म्हणजे विष्ठा, असं दिसलं की माझा संशय आधी यांच्यावर जातो. ते घडी न उलगडलेल्या कोवळ्या पानात शिरून बसतात, त्यामुळे नवं पान वेडंवाकडं उघडतं. अंडी पानाच्या आत घातलेली असतात आणि कोष बहुधा मातीत, म्हणजे फवारा दोघांपर्यंत पोचतच नाही. एकदा फवारून झाड स्वच्छ दिसलं तरी तपासणी चालू ठेवायची ती यासाठी.

* * *

माती ओली असूनही झाड मलूल असेल, तर पानांत फार वेळ घालवू नका. कुंडीतून काढून मुळं बघा. माझ्या पीस लिलीची मुळं तपकिरी झाली होती, दाबली की साल हातात यायची आणि कुबट वास होता. निरोगी मूळ पांढरट आणि घट्ट लागतं. सडलेली मुळं कापून नव्या, भुसभुशीत मातीत लावली. मुळांवर पांढरी पूड आणि किडे दिसले तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण, तो वरून सहसा दिसत नाही.

* * *

रबर प्लांटवाल्या ताई, टिकल्या काढल्यात तरी खवले कीड परत येते, कारण तिची पिल्लं फिरती असतात आणि डोळ्यांना सहज दिसत नाहीत. फांदीला दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळून ठेवा आणि दर थोड्या दिवसांनी ती भिंगाखाली बघा. पिवळसर ठिपके चिकटलेले दिसले की पिल्लं बाहेर पडली आहेत. साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल तेव्हाच फवारा. पाठीवर कवच तयार झालं की औषध आत पोचत नाही.